‘लीलावती’तील वेळू, मोर आणि कमळ : काटकोन त्रिकोणाच्या उदाहरणांची भाषा

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०) सुशिक्षित मराठी वाचकाच्या स्मरणात बहुधा दोन गोष्टींमुळे राहिलेली असते. एक म्हणजे कन्येच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची आख्यायिका आणि दुसरी म्हणजे वाऱ्याने मोडलेला वेळू, सापावर झेपावणारा मोर, पाण्यात बुडणारे कमळ ही उदाहरणे. आख्यायिकेचा प्रसार फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरामुळे झाला. मूळ संस्कृत ग्रंथात तिचा मागमूसही नाही. तिचा विचार येथे कर्तव्य नाही. उदाहरणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती मूळ ग्रंथाचीच असून त्यांच्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ही उदाहरणे म्हणजे रुक्ष गणितावर चढवलेला काव्याचा साज. साज उतरवला की खाली भुज, कोटि आणि कर्ण यांचे एकच समीकरण उरते. दुसऱ्या मताप्रमाणे ती प्राचीन भारतीय गणिताच्या व्यवहारनिष्ठेचे प्रमाण होत; वेळू, खांब, तळे हे लोकांच्या डोळ्यांसमोरचे पदार्थ असल्याने हे गणित मोजणीच्या गरजेतूनच उपजले असले पाहिजे. ही दोन्ही मते उदाहरणे वाचून बनलेली आहेत, त्या उदाहरणांच्या आधी येणारी करणसूत्रे वाचून नव्हे, असे म्हणावे लागते. सूत्रांची भाषा तपासली असता दोन्ही मतांना बाध येतो.

प्रथम उदाहरणे संक्षेपाने पाहू. सपाट भूमीवर बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने एके ठिकाणी मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून सोळा हातांवर भूमीला टेकला. तो बुडापासून किती हातांवर मोडला? उत्तर, बारा हातांवर. नऊ हात उंच खांबावर पाळीव मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणारा साप पाहून मोर तिरपा झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? याही वेळी उत्तर बारा हात. तिसऱ्या उदाहरणात कमळाची कळी पाण्यावर एक वीत दिसते. वाऱ्याने हळूहळू कलत ती दोन हातांवर पाण्यात बुडते. पाण्याची खोली विचारली आहे. ती पावणेचार हात येते. चौथ्यात शंभर हात उंच झाडावर दोन माकडे आहेत. एक उतरून दोनशे हातांवरील विहिरीकडे चालत जाते. दुसरे झाडावरून आणखी वर उडी घेऊन कर्णमार्गाने तेथेच पोचते. दोघांचे अंतर सारखे, तर उडी किती उंच? पन्नास हात.

हात आणि वीत ही मापे येथे मराठीत आणण्यासाठी भाषांतरकाराला काहीच करावे लागत नाही. वितस्तीची वीत होऊन ती आजही आपल्या तोंडी आहे. पण त्यामुळेच एक फसगत होते. परिचित मापामुळे उदाहरण परिचित वाटते आणि वाचक त्याच्या रचनेकडे पाहण्याचे सोडून देतो.

रचनेकडे पाहिले असता पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, भास्कराचार्य नियम सांगतानाच वेळूचे नाव घेतात. वेळूचा शेंडा व बूड यांमधील भूमीचा वर्ग करावा, त्याला वेळूने भागावे, आलेला भागाकार वेळूत एकदा मिळवावा व एकदा उणा करावा, दोहोंची अर्धी केली म्हणजे वेळूचे कर्णरूप आणि कोटिरूप खंड मिळतात, असा त्या सूत्राचा आशय आहे. वर्ग करायचा आहे तो भूमीचा आणि भागायचे आहे ते वेळूने. मोराच्या सूत्रात याच जागा खांब आणि साप-बीळ-अंतर यांनी घेतल्या आहेत. माकडांच्या सूत्रात ताडाची उंची, ताड व तळे यांमधील अंतर आणि उड्डाणाचे मान हे शब्द आहेत. सूत्र आणि उदाहरण यांतली ही शब्दसंगती सर्वत्र काटेकोर नाही. माकडांच्या सूत्रात ताड आणि तळे आहे, तर उदाहरणात नुसते झाड आणि विहीर. नियमातला ‘ताड’ हा विशिष्ट ताड नसून कोणत्याही उभ्या उंचीचे नाव आहे, हे या विसंगतीनेच उघड होते.

साज चढवायचा असता तर तो उदाहरणापुरता पुरेसा होता. नियमात त्याचे प्रयोजन नव्हते. येथे वेळू, खांब, ताड ही नामे संज्ञांचे काम करीत आहेत. या गोष्टीचे कारण ग्रंथांच्या विभागणीत आहे. ‘लीलावती’ पाटीगणिताचा ग्रंथ आहे. अव्यक्त राशीसाठी यावत्तावत्, कालक, नीलक अशी चिन्हनामे वापरण्याची सोय त्याच आचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे, येथे नाही. ज्या ठिकाणी बीजगणिती ‘या’ लिहिता येत नाही, त्या ठिकाणी राशीला दुसरे काही नाव द्यावे लागते. ते नाव असे हवे की, एका सूत्रात तीन-चार राशी आल्या तरी कोणती कोणती याचा घोटाळा होऊ नये, आणि पद्याच्या वृत्तातही ते बसावे. वेळूचा शेंडा, वेळूचे बूड, मधली भूमी या नामांनी ही गरज पुरी होते. ज्याला पहिला पक्ष काव्य म्हणतो, ते वस्तुतः नामकरण आहे. काव्यही आहेच, कमळाच्या मंदाक्रांतेतील चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेले तळे कोणत्याही राशीचे नाव नाही. पण तेवढ्यावरून सर्व नामे सजावटीची ठरत नाहीत.

उदाहरणातील वर्णनपर वाटणारे शब्दही पुष्कळदा अटी सांगतात. वेळू ‘समभुवि’ आहे. ही समता गेली की काटकोन गेला आणि सूत्र निरुपयोगी झाले. मोर-सापाच्या शार्दूलविक्रीडितात दोघांच्या गतीचे साम्य सांगणारा शब्द शेवटी येतो. तो नसता तर प्रश्नाला उत्तरच नव्हते. याहून मार्मिक शब्द दोन वेळूंच्या उदाहरणात आहे. पंधरा आणि दहा हात उंचीचे दोन वेळू उभे आहेत, प्रत्येकाच्या बुडापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत दोरी ताणली आहे. दोऱ्या जेथे एकमेकींना छेदतात तेथून भूमीवर सोडलेला लंब किती? वेळूंना दिलेले विशेषण ‘अज्ञातमध्यभूमि’ असे आहे. मधली भूमी अज्ञात आहे, हे विधान सामान्य वाचकाला उणीव वाटेल. जाणत्याला तो सिद्धान्ताचा गाभा दिसेल. कारण दोन्ही उंचींच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागले की लंब सहा हात येतो आणि वेळूंमधील अंतर कितीही असले तरी तो सहाच राहतो. एका समासात एवढे सांगणारे वाक्य आजच्या पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

तथापि या नामकरणपद्धतीची किंमतही मोजावी लागली आहे, आणि गौरवपर लेखनात ती बहुधा झाकली जाते. वेळूचे सूत्र आणि मोराचे सूत्र ही दोन नाहीतच. वेळूत कोटि व कर्ण यांची बेरीज बत्तीस आणि भुज सोळा दिला आहे. सोळाचा वर्ग भागिले बत्तीस म्हणजे आठ, बत्तिसातून आठ वजा करून अर्धे केले की बारा. मोरात बेरीज सत्तावीस आणि खांब नऊ. नवाचा वर्ग भागिले सत्तावीस म्हणजे तीन, सत्ताविसातून तीन वजा करून अर्धे केले की बारा. क्रिया अक्षरशः एकच आहे. फरक इतकाच की, पहिल्यात ज्ञात बाजू भूमीवर आडवी आहे आणि दुसऱ्यात ती उभी आहे. वेळूचे चित्र एका अंगावर पाडले की मोराचे चित्र मिळते. भास्कराचार्यांसारख्या गणितज्ञाच्या हे ध्यानात आले नसेल असे मानण्याचे कारण नाही. पण त्यांनी सूत्रे दोन दिली, कारण एकीत भागणारा ‘वेळू’ होता आणि दुसरीत ‘साप-बीळ-अंतर’. नाम वस्तूला चिकटले की ते आडवे-उभेही सोबत घेऊन येते.

हे अपरिहार्य नव्हते, कारण भुज आणि कोटि या संज्ञा मुळात सापेक्ष आहेत. ‘लीलावती’च्या क्षेत्रव्यवहाराच्या आरंभीच त्यांची व्याख्या आहे : इष्ट वाटेल ती बाजू घ्यावी, तिच्याशी ‘स्पर्धा’ करणाऱ्या दिशेत जी दुसरी बाजू असते ती कोटि. काटकोनाला इतके मनोहर आणि इतके नेमके नाव दुसरे नसेल. दोन दिशा एकमेकींच्या वाट्याला जराही जात नाहीत, म्हणून त्या प्रतिस्पर्धी. या व्याख्येत भूमी नाही, उंची नाही. आर्यभटाने (४९९) दिव्याच्या छायेचे सूत्र सांगताना दिव्याच्या उभ्या उंचीलाच भुजा आणि भूमीवरील अंतराला कोटी म्हटले आहे; भास्कराचार्यांच्या वेळूत नेमके उलट, उभा खंड कोटि आहे. दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. मराठी शालेय गणितात या जोडीच्या जागी ‘पाया’ आणि ‘उंची’ रुळले. त्यामुळे मुलांना पटकन समजते हे खरे, पण पुस्तक फिरवून धरले की त्याच मुलाला पाया कोणता हे कळेनासे होते. तिसरा शब्द ‘कर्ण’ मात्र मराठीने जसाच्या तसा ठेवला आणि त्यात एक जुना अवशेष टिकून राहिला. आपण चौकोनाच्या तिरप्या रेषेलाही कर्ण म्हणतो आणि काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत मोठ्या बाजूलाही. ग्रीकांची या दोहोंना दोन नावे आहेत. आपल्याकडे शुल्बसूत्रांत हा सिद्धान्त त्रिकोणाचा म्हणून येतच नाही. तो दीर्घचतुरस्राच्या अक्ष्णया रज्जूचा, म्हणजे आयतावर तिरप्या ताणलेल्या दोरीचा म्हणून येतो, आणि बाजूंची नावे पार्श्वमानी व तिर्यङ्‌मानी अशी आहेत. दोन्हींत ‘मानी’ म्हणजे मोजणारी. जेथे खरोखर दोरीने वेदी आखायची होती तेथे बाजूंना मोजणीवरून नावे पडली, हे दुसऱ्या पक्षाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

कारण व्यवहारनिष्ठेची कसोटी उदाहरणातील पदार्थ परिचित आहेत की नाहीत ही नव्हे. जे मोजता येते त्यावरून जे मोजता येत नाही ते काढले आहे काय, ही ती कसोटी. या कसोटीला वेळू उतरत नाही. मोडलेल्या वेळूच्या बुडापासून शेंड्यापर्यंतचे अंतर ज्याला मोजता येते, त्याला उभा राहिलेला खंडही काठी लावून मोजता येईल. उलट मोडण्यापूर्वीची पूर्ण उंची त्याला कोठून कळली हा प्रश्नच आहे. मोर-साप आणि माकडे यांत तर समान अंतराची अट मनानेच घातलेली. ही कोडी आहेत आणि कोडी म्हणून उत्तम आहेत. वेळूचे कोडे भास्कराचार्यांच्याही फार पूर्वीचे आहे. पहिल्या भास्कराने आर्यभटीयावरील भाष्यात (६२९) अठरा हातांचा वेळू घेऊन ते घातले आहे, आणि चीनमधील ‘नऊ अध्याय’ या प्राचीन गणितग्रंथात तोच वेळू दहा छीचा होऊन तीन छीवर टेकतो. एकाच कोड्याचा असा दूरवरचा प्रवास व्यवहाराच्या गरजेने होत नाही. तो शिकवण्याच्या सोयीने होतो.

कमळ मात्र या कसोटीला उतरते. तळ्याची खोली हाताबाहेर आहे आणि दिलेली दोन्ही मापे पाण्याच्या पृष्ठभागावरची आहेत. आणि येथेच सूत्राची भाषा बदलते, हा योगायोग मानता येणार नाही. कमळाच्या सूत्रात भास्कराचार्य प्रथम नियम भुज, कोटि आणि कर्ण या सामान्य संज्ञांत सांगतात, आणि मग ‘सखे’ असे संबोधून उकल करतात : कमळ आणि ते बुडाले ते स्थान यांमधील अंतर हा भुज, कमळाचा दिसणारा भाग हे कोटि व कर्ण यांचे अंतर, आणि देठाचा पाण्यातला भाग, म्हणजेच पाण्याची खोली, ही कोटि. दृश्य वस्तू आणि संज्ञा यांची ही जुळणी इतर तिन्ही सूत्रांत अशी उलगडून सांगितलेली नाही. आधी सामान्य नियम आणि मग त्याचे वस्तूवर आरोपण, हा मोजणी करणाऱ्याचा क्रम होय.

अर्थात तळ्याकाठी जाऊन हे सूत्र वापरणाऱ्याने सावध असावे. कळी बारा अंगुळे वर असता खोली नव्वद अंगुळे येते. पाणी हलत असल्याने कोणी बाराच्या जागी अकरा अंगुळे मोजली, तर तीच खोली नव्व्याण्णवाच्या वर जाते. एका अंगुळाची चूक नऊ अंगुळांची होते, कारण भागणारी राशी लहान आहे. शिवाय देठ ताठ राहून मुळाशी बिजागरीसारखा फिरतो असे गृहीत धरले आहे. खऱ्या कमळाचा देठ असा वागत नाही. गणितात कर्ण काढता येतो आणि तो पूर्णांकी नसला तरी जवळ जाता येते, याची जाणीव भास्कराचार्यांना पुरेपूर होती. सव्वातीन-सव्वातीन हातांच्या भुज-कोटींचा कर्ण त्यांनी चार पूर्णांक चारशे सत्त्याहत्तर अष्टशतांश इतक्या सूक्ष्मतेने काढून दाखवला आहे. पण मोजणाऱ्याच्या हाताची चूक उत्तरात किती पटींनी वाढते, हा प्रश्न ग्रंथात उपस्थित होत नाही.

खऱ्या मोजणीचा भाग ग्रंथात पुढे, छायाव्यवहारात आहे. तेथे वर्ग-वर्गमूळ जवळजवळ मागे पडते, मोर आणि माकडेही दिसत नाहीत. बारा अंगुळांचा शंकु दिव्यासमोर उभा केला, छाया आठ अंगुळे पडली. छायेच्या दिशेने दोन हात पुढे तोच शंकु ठेवला, छाया बारा अंगुळे पडली. दिव्याची उंची आणि दिव्यापासूनचे अंतर सांगा. (दिव्याच्या या उदाहरणात बारा हा अंक ‘अर्क’ या शब्दाने सांगितला आहे, रात्रीच्या प्रश्नात सूर्य असा शिरला.) दोन छायाग्रांमधील अंतर बावन्न अंगुळे, त्याला पहिल्या छायेने गुणून छायांच्या अंतराने, म्हणजे चाराने भागले की पहिल्या छायेच्या टोकापर्यंतची भूमी एकशे चार अंगुळे, तिला शंकूने गुणून छायेने भागले की दिव्याची उंची एकशे छप्पन्न अंगुळे, म्हणजे साडेसहा हात. दिव्याच्या बुडाशी कोणीही गेले नाही. हीच युक्ती नदीपलीकडच्या वस्तूला लागू पडते, आणि हिचे सूत्र आर्यभटापासून चालत आलेले आहे. प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्य हे सारे त्रैराशिकाचेच रूप असल्याचे सांगतात आणि हरीने विश्व व्यापावे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशी उपमा देतात. ही उपमा मोराच्या किंवा कमळाच्या जागी आलेली नाही. तिला मोजणीचे प्रकरण लागले.

याही सूत्रात हाताची चूक वाढतेच. दुसरी छाया बाराऐवजी साडेअकरा मोजली गेली, तर उंची एकशे छप्पन्नऐवजी सुमारे एकशे सत्त्याहत्तर अंगुळे येते. उपाय सोपा आहे. शंकु दोन हातांऐवजी चार हात पुढे न्यावा; मग दुसरी छाया सोळा अंगुळे पडेल आणि तितकीच अर्ध्या अंगुळाची चूक उंचीत सुमारे दहा अंगुळांवर थांबेल. मोजणीची मूळ रेषा लांब हवी, हे तत्त्व मोठ्या भूमापनांनी पुढे प्रस्थापित केले. येथे ते दोन हातांच्या आत दडलेले आहे.

‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात तर वेळू स्वतःच पुन्हा भेटतो. तेथे तो मोडलेला नाही. हातात केवळ एक काठी घेऊन त्याचे बूड आणि शेंडा न्याहाळावा आणि तेवढ्यावरून त्याचे अंतर व उंची सांगावी. हे ज्याला साधले त्याला न कळणारे असे काय उरले, असा प्रश्न आचार्य करतात. या काठीला त्यांनी धीयंत्र म्हटले आहे. क्षेत्रव्यवहारातील वेळू आणि यंत्राध्यायातील वेळू यांची ‘मूल’ आणि ‘अग्र’ ही पदे तीच आहेत. पण पहिल्या ठिकाणी ती दिलेली आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी ती पाहावी लागतात. व्यवहार शोधायचा तर या दुसऱ्या वेळूत.

ही परंपरा महाराष्ट्रात केवळ स्मरणात राहिली असे नाही. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, आणि कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून ‘लीलावती’तील नियमांच्या उपपत्ती दिल्या. आधुनिक मराठीतही ग्रंथाचे दर्शन घडविणारे प्रयत्न झाले, ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ (१९७१) त्यांतले प्रमुख होय. पण सामान्य पुनर्कथनांत उदाहरण येते आणि सूत्र गळते, ही खोड कायम आहे. ‘क्ष’ हाताशी असल्याने आजच्या लेखकाला वेळूचे नाव नियमात लागत नाही. त्याची शिडी भिंतीला टेकते ती केवळ चित्रापुरती, आणि मग जुना वेळूही तसाच चित्रापुरता असावा असे तो गृहीत धरतो. सजावटीचा आरोप जुन्या ग्रंथावर ठेवण्यापूर्वी तो स्वतःच्या शिडीवर ठेवून पाहावा.

शंकु या शब्दाचे पुढे काय झाले, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या भूमापनात शेताची मोजणी तेहतीस फुटांच्या, सोळा आणे पाडलेल्या साखळीने होत असे. त्या साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतातून एक सरळ रेषा टाकायची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब आणायचा आणि सारे शेत काटकोन त्रिकोणांत व पट्ट्यांत वाटायचे, या पद्धतीला मराठीत शंकु-साखळीची मोजणी म्हणतात. यातला शंकु छाया पाडीत नाही. तो काठीच्या डोक्यावर बसवलेले, काटकोनात लक्ष्य साधण्याचे साधन आहे. छायेची काठी जाऊन नजरेची काठी आली आणि नाव तेच राहिले. क्षेत्रफळ पाया आणि लंब यांच्या अर्ध्या गुणाकाराने येते, त्यामुळे कर्ण काढावा लागत नाही. साखळी बांधावरून तिरपी धरून तो मोजला जातो तो ताळा पाहण्यापुरता.